अमेरिकेतल्या हायस्कूलचे क्लब आणि स्पिरिट स्क्वॉड: नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

आमच्याकडे, डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरांत, दर उन्हाळ्यात भारतातून नवी कुटुंबं येतात. घर, गाडी, लायसन्स, शाळेतला प्रवेश हे सगळं ती नीट मार्गी लावतात. मग गणपतीत कुणाकडे आरतीला भेट झाली की विचारणा होते, "शेजारची मुलगी ड्रिल टीममध्ये आहे, आमच्या मुलीला कसं घालायचं?" तोवर त्या वर्षाची निवड होऊन चार-पाच महिने झालेले असतात. माझी मुलगी ड्रिल टीममध्ये (मैदानावर रांगेत नाचणाऱ्या शाळेच्या पथकात) होती, मुलगा रोबॉटिक्स आणि यूआयएल या टेक्ससच्या आंतरशालेय स्पर्धांच्या संस्थेच्या गणित स्पर्धांमध्ये, आणि बूस्टर क्लबचं, म्हणजे पथकाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटाचं, काम मी स्वतः केलं आहे. शाळा माहिती लपवत नाही, पण ती तुमच्या घरी चालतही येत नाही. तुम्हाला ती तारखेच्या आधी विचारून घ्यावी लागते, एवढंच तुम्हाला पटावं म्हणून हे लिहिते आहे.

उदाहरणं बहुतेक टेक्ससची आहेत. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत नियम वेगळे असतील, पण क्रम साधारण हाच.

१. दोन दारं आहेत, आधी ती ओळखा

क्लबचं दार उघडं असतं. बहुतेक क्लबात कुणीही, वर्षात कधीही जाऊन बसू शकतं. सभा जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर तासभर, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली. त्या शिक्षकाला इकडे स्पॉन्सर म्हणतात, इतर राज्यांत अ‍ॅडव्हायझर.

स्पिरिट स्क्वॉडचं, म्हणजे सामन्यात शाळेचा उत्साह वाढवणाऱ्या पथकांचं, दार वर्षातून एकदाच उघडतं. चिअर, ड्रिल टीम किंवा डान्स टीम, मॅस्कॉट (शाळेच्या बोधचिन्हाचा पोशाख घातलेलं मूल), मार्चिंग बँडबरोबर झेंडे फिरवणारा कलर गार्ड, हे सगळे शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला आणि शाळेच्या पेप रॅलीला (सामन्याआधीच्या जल्लोषाच्या सभेला) उभे असतात. यांत चिअर, ड्रिल आणि मॅस्कॉटची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, मार्च ते मे या काळात, पुढच्या शालेय वर्षासाठी होते. म्हणजे ऑगस्टमध्ये नववीत जाणाऱ्या मुलीची परीक्षा ती आठवीत असतानाच होऊन जाते.

उन्हाळ्यात आलात आणि तारीख गेली असेल तरी कोचला एक ईमेल लिहाच. काही शाळा नव्याने राहायला आलेल्यांना वेगळी संधी देतात, काही देत नाहीत. ईमेल मुलीनेच लिहावी, तुम्ही सीसीमध्ये राहा. हायस्कूलमध्ये कोच मुलांशी बोलतात आणि पालकाने पुढे होऊन बोलणं त्यांना खटकतं.

कलर गार्ड आणि बँडचा मामला जरा सैल आहे. झेंडे फिरवायला नवखी मुलं बऱ्याच ठिकाणी घेतात. भारतात लेझीम खेळलेल्या, संचलनात चाललेल्या मुलांची पावलं इथे लवकर बसतात. ढोल-ताशा वाजवलेल्या मुलाने ड्रमलाइनच्या शिक्षकांना जरूर भेटावं.

२. फाइल तयार ठेवा

ही कागदपत्रं एका फोल्डरमध्ये आणि स्कॅन करून फोनमध्येही ठेवा:

- घराचं लीज आणि वीज किंवा पाण्याचं बिल
- आठवीपासूनच्या गुणपत्रिका, शाळेच्या शिक्क्यासह, आणि शाळा सोडल्याचा दाखला. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर
- लसीकरणाची संपूर्ण नोंद
- स्पोर्ट्स फिजिकलचा (खेळासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा) फॉर्म, डॉक्टरच्या सहीचा
- आरोग्य विम्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू
- पालक सोडून आणखी एका माणसाचं नाव आणि नंबर, निकडीच्या वेळेसाठी
- पालकांच्या संमतीचे फॉर्म, ऑनलाइन पोर्टलवर भरलेले

यातल्या तीन गोष्टींवर थोडं थांबते, कारण अडतं ते इथेच.

पहिली, गुणपत्रिका. भारतातून दहावी-अकरावीत आलेल्या मुलाची जुनी वर्षं इथल्या क्रेडिटमध्ये, म्हणजे पास झालेल्या विषयांच्या नोंदीत, बदलून घ्यावी लागतात. काउन्सेलरने (विषय आणि क्रेडिट बघणाऱ्या शाळेच्या सल्लागाराने) ते केलं नाही तर नोंदीत मूल क्रेडिटविना दिसतं आणि मग वरच्या वर्गातल्या मुलाच्या स्पर्धेतल्या पात्रतेचा प्रश्न येऊ शकतो. प्रवेशाच्या पहिल्याच भेटीत "क्रेडिट कधी लागतील?" हे विचारा आणि लागल्यावर पोर्टलवर स्वतः पाहा.

दुसरी, लसी. मेनिन्गोकोकलची लस भारतात बहुतेक मुलांना दिलेली नसते. टेक्ससमध्ये सातवीपासून ती लागते.

तिसरी, फिजिकल. टेक्ससमध्ये यूआयएलचा ठरलेला फॉर्म असतो. एका पानावर मुलाचा आणि घरातला आजारांचा इतिहास तुम्ही भरायचा: दमा, चक्कर, कुटुंबात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेलं का. दुसऱ्या पानावर तपासणी आणि सही. भारतातून आणलेलं फिटनेस सर्टिफिकेट चालत नाही, इथल्या डॉक्टरने आपल्या लेटरहेडवर लिहून दिलेलंही बहुतेक ठिकाणी चालत नाही. फॉर्म तोच हवा. शिवाय तपासणी अमुक तारखेनंतरचीच असावी अशी अट असते, म्हणून फार लवकरही करू नका. मार्चिंग बँडलाही हा फॉर्म लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विम्याचा डॉक्टर महिनाभर वेळ देत नसेल तर औषधांच्या दुकानातलं क्लिनिक किंवा अर्जंट केअर हेच काम करून देतं.

टेक्ससमध्ये २०२५ च्या कायद्यापासून साध्या क्लबात जायलाही पालकांची लेखी संमती लागते. पोर्टलवरचा तो फॉर्म भरला नाही तर मुलाला दारातून परत यावं लागेल.

३. वर्षाचं कॅलेंडर आधी, विमानाचं तिकीट नंतर

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त घरं अडकलेली पाहिली आहेत. ट्रायआउटमध्ये निवड झाली, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि जून-जुलैची पुण्याची तिकिटं आधीच काढलेली. चिअर आणि ड्रिलचा समर कॅम्प नेमका त्याच दिवसांत असतो. मार्चिंग बँडचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतो. कॅम्प चुकला तर मैदानावरच्या रचनेतली जागा जाते, काही पथकांत दंडाचे गुण लागतात.

साधारण वर्ष असं चालतं. ऑगस्टमध्ये रोज सराव. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर फुटबॉल, दर शुक्रवारी रात्री मुख्य संघ, बुधवार-गुरुवारी ज्युनिअर संघ. सप्टेंबरात क्लब फेअर. सप्टेंबर-ऑक्टोबरात होमकमिंग (माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा सामना आणि सोहळा), आणि टेक्ससमध्ये त्या दिवशी मुली छातीवर रिबिनींचं, घंट्या लावलेलं मोठं शेवंतीचं फूल लावून शाळेत येतात, त्याला मम म्हणतात. दुकानात ते फार महाग मिळतं. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घरी करावं, रुखवत करणाऱ्या हातांना ते अजिबात अवघड नाही. हिवाळ्यात बास्केटबॉल आणि चिअर-डान्सच्या स्पर्धा. जानेवारीत रोबॉटिक्सच्या काही स्पर्धांचा मोसम सुरू. फेब्रुवारीत ट्रायआउटच्या पालकसभेची घोषणा. एप्रिल-मे महिन्यात क्लबांच्या पदाधिकाऱ्यांची निवड.

दिवाळी शुक्रवारी आली तर? टेक्ससच्या कायद्यात धार्मिक सणासाठीची गैरहजेरी माफ असते, पण त्यासाठी आधी लेखी कळवावं लागतं. कोचला ऑगस्टमध्येच सणांच्या तारखा द्या. महिनाभर आधी सांगितलेली गोष्ट कोच सांभाळून घेतात, आदल्या रात्रीच्या मेसेजने त्यांची चाळीस मुलींची रांग विस्कटते.

४. क्लब निवडताना मुलाला विचारा

क्लब फेअरला टेबलं मांडलेली असतात, मुलं कागदावर नाव-ईमेल लिहीत पुढे जातात. दहा ठिकाणी नावं लिहून येऊ दे. महिनाभरात खरे दोन-तीन उरतात.

नवख्या मुलाला मित्र हवे असतात, आणि ते वर्गापेक्षा क्लबात लवकर मिळतात, कारण तिथे हातात काम असतं. म्हणून पहिल्या वर्षी "कॉलेजच्या अर्जाला काय बरं दिसेल" हा विचार बाजूला ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. बुधवारी दुपारी स्वतःहून थांबावंसं वाटेल असा एक क्लब पुरे.

बहुतेक मोठ्या शाळांत सापडतील असे काही: की क्लब, समाजसेवेसाठी, ज्याची सुरुवात १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोला झाली. व्यवसायाची आवड असेल तर डेका, वैद्यकीय क्षेत्राची असेल तर होसा. मॉडेल युनायटेड नेशन्स, सायन्स ऑलिम्पियाड (संघात १५ जण), रोबॉटिक्स. डिबेटकडे मराठी घरं उच्चाराच्या भीतीने जात नाहीत. परीक्षकांना मुद्दा आणि पुरावा हवा असतो, आणि आमच्या ओळखीतली नागपूरहून आलेली एक मुलगी वर्षभरात तिथे सगळ्यात मोकळी झालेली मी पाहिली आहे. नॅशनल ऑनर सोसायटी मात्र उघड्या दाराची नाही. तिथे गुणांची सरासरी, सेवेचे तास आणि शिक्षकांचं मत बघून घेतात, बहुधा दहावी-अकरावीत.

टेक्ससमध्ये आणखी एक खजिना आहे आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. यूआयएल ही १९१० पासूनची संस्था खेळांबरोबर शैक्षणिक स्पर्धाही घेते. त्यातली नंबर सेन्स ही स्पर्धा घ्या. १० मिनिटांत ८० गणितं, सगळी तोंडी. कागदावर फक्त उत्तर लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. दर दहावा प्रश्न अंदाजाचा, त्यात ५ टक्के इकडेतिकडे चालतं. मधलं गणित सोडून पुढे गेलात तर चुकीइतकेच गुण कापले जातात, म्हणून कुठे थांबायचं हेही शिकावं लागतं. पाढे आणि पावकी-निमकी पाठ असलेल्या घरातल्या मुलासाठी हे हक्काचं मैदान आहे. गणिताच्या शिक्षकांना "नंबर सेन्सचा सराव कधी असतो?" एवढंच विचारायचं.

५. स्पिरिट स्क्वॉडची ट्रायआउट

आधी आपल्या मनातली अडचण बोलूया. बरेच पालक आखूड स्कर्टकडे बघून विषय बंद करतात. एक दिवस सराव बघायला जा. पहाटे सहा-साडेसहाला जिममध्ये आलेल्या मुली, कोचने तीनदा थांबवलेली रचना, चौथ्यांदा सगळ्यांचा पाय एकाच उंचीला. आपल्या ढोल पथकाचा श्रावणातला सराव ज्याने पाहिला आहे त्याला ही शिस्त लगेच ओळखू येईल. कपड्यांचं म्हणाल तर गणवेशाखाली पूर्ण बाह्यांचा लायनर आणि जाड टाइट्स मिळतात. पालकसभेत विचारायला संकोच करू नका, असं विचारणारे तुम्ही पहिले नसता.

आणि हे फक्त मुलींचं नाही. संघटित चिअरची सुरुवात २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठात झाली, आणि पहिली कित्येक वर्षं त्यात मुलगेच होते. मुली आल्या १९२० च्या दशकात. ड्रिल टीम ही मात्र टेक्ससची देणगी. १९४० मध्ये किलगोर कॉलेजात गसी नेल डेव्हिस यांनी रेंजरेट्स हे पथक उभं केलं, आणि आज राज्यभरच्या शाळांत टोपी-बूट घालून उंच किक मारणाऱ्या रांगा दिसतात त्या तिथूनच आल्या.

आता पायऱ्या.

*पालकसभा.* फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि बहुतेक ठिकाणी सक्तीची असते. सभेला कुणी नसेल तर मूल ट्रायआउटलाच बसू शकत नाही. इथे पथकाची नियमावली मिळते, तिच्यावर तुमची आणि मुलीची सही लागते. दोन कलमं बारकाईने वाचा: मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि सोडणाऱ्याला पुढच्या वर्षी बसू देतात का. दोन्हींचं उत्तर बहुधा नाही असंच असतं.

*शिक्षकांचे शेरे.* तीन-चार शिक्षकांकडे फॉर्म जातो, वेळेवर येणं, वागणूक, जबाबदारी यावर गुण देतात. नवीन आलेल्या मुलीला शिक्षक नीट ओळखत नसतात. तिने आधीच वर्गात थांबून त्यांच्याशी बोलावं.

*क्लिनिक.* ट्रायआउटच्या आधी दोन-तीन दुपारी नाच, घोषणा आणि उड्या शिकवतात. हे चुकवायचं नाही. आठ-आठ मोजत शिकवतात आणि वेगाने पुढे जातात. घरी रोज व्हिडिओ लावून सराव करा, पण आरशासमोर नको, कारण प्रत्यक्ष दिवशी आरसा नसतो.

*प्रत्यक्ष दिवस.* काळा लिओटार्ड, टाइट्स, केसांचा घट्ट अंबाडा, पाठीवर नंबर. बाहेरून आणलेले परीक्षक. तीन-चार मुली एकदम आत जातात. चिअरला आवाज, उड्या आणि टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या) बघतात: कार्टव्हील, राउंडऑफ, मग बॅक हँडस्प्रिंग. ड्रिलला उजवा, डावा आणि मधला स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण पसरून जमिनीला टेकणं), किक, झेप, गिरकी. संध्याकाळी निकाल नावाने नाही, नंबराने लागतो.

भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलींचा ताल आणि चेहरा पक्का असतो, तिथे त्या पुढे असतात. स्प्लिट आणि किक मात्र वेगळं शरीर मागतात. डिसेंबरपासून रोज वीस मिनिटं ताणण्याचे व्यायाम सुरू केले तर एप्रिलपर्यंत फरक पडतो. एप्रिलमध्ये घाईने केलं तर मांडीचा स्नायू दुखावतो. टम्बलिंग युट्यूब बघून बैठकीच्या खोलीत करू देऊ नका. त्यासाठी जिममध्ये वर्ग असतात, फोमचा खड्डा आणि हात धरणारा माणूस असतो.

निवड झाल्यावर दागिने नाहीत. सराव आणि कार्यक्रमात कानातलं, चमकी, बांगडी, हातातला दोरा, सगळं बहुतेक ठिकाणी काढावं लागतं. म्हणून नाक किंवा कानाचं दुसरं भोक टोचायचं असेल तर मोसम संपल्यावर टोचा. नवं भोक असताना चमकी काढली की ते बुजतं, आणि ठेवली तर मुलगी बाकावर बसते.

चिअरमध्ये उचलाउचलीला स्टंट म्हणतात. वर जाणारी फ्लायर, खालच्या दोन बेस, मागे मानेकडे लक्ष ठेवणारी बॅकस्पॉट. चणीने लहान म्हणून आपल्या मुलींना लगेच फ्लायर करतात. कोचला विचारा: स्टंटचं सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालं आहे का, सराव मॅटवर होतो का, दुखापतीला ट्रेनर हजर असतो का. हे प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे आणि चांगला कोच त्यांची आनंदाने उत्तरं देतो. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि पुढेही डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय नाही. मुलीने "मी ठीक आहे" म्हटलं तरीही. शाळेचा विमा बहुधा तुमच्या विम्यानंतर लागू होतो, त्यामुळे आपला विमा चालू आहे ना आणि जवळचं कोणतं हॉस्पिटल त्यात बसतं हे ऑगस्टमध्येच बघून ठेवा.

निवड झाली नाही तर मुलगी दोन दिवस रडेल. रडू द्या. परीक्षकांच्या गुणांचा कागद मागता येतो का ते कोचला तिनेच विचारावं, कुठे कमी पडलो ते त्यावर दिसतं. आणि निकालानंतर सोशल मीडियावर काहीही लिहायचं नाही हे आधीच बजावून ठेवा. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने मुख्य चिअर संघात जागा न मिळाल्याच्या रागात स्नॅपचॅटवर शिवी टाकली, तिला वर्षभरासाठी संघाबाहेर काढलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर तिचं हायस्कूल संपलं होतं.

६. मार्क: नापास तर मैदान नाही

टेक्ससमध्ये १९८४ पासून हा नियम आहे. ग्रेडिंगचा काळ संपला की प्रत्येक विषयात ७० तरी हवेत. एका विषयात ६९ आले तरी सात दिवसांनंतर स्पर्धा आणि सादरीकरण बंद. सराव करता येतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात, सगळीकडे ७० झाले असतील तर परत घेतात. काही वरच्या पातळीच्या विषयांना शाळांचा जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) यातून सूट देतो, कोणत्या ते विचारून घ्या. कॅलिफोर्नियात साधारणपणे २.० जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) लागतो.

मराठी मुलं यात अडकतात ती हुशारीच्या अभावाने नाही. इथे गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प सगळं मोजतात. एक प्रकल्प वेळेत अपलोड झाला नाही तर तिथे शून्य पडतं आणि सरासरी कोसळते. दर रविवारी पोर्टल उघडून मुलाबरोबर दहा मिनिटं बघा.

एक फायद्याची गोष्टही आहे: जिल्ह्याने मान्यता दिली असेल तर टेक्ससमध्ये ड्रिल टीम, चिअर आणि मार्चिंग बँड शारीरिक शिक्षणाच्या क्रेडिटऐवजी धरतात. काउन्सेलरकडून लेखी घ्या.

७. पैसे

साध्या क्लबाची वर्गणी टी-शर्टच्या किमतीएवढी. चिअर-ड्रिलचा खर्च वर्षाला शेकडो डॉलर, काही ठिकाणी हजाराच्या बराच वर: गणवेश, बूट, कॅम्प, स्पर्धांचा प्रवास. ट्रायआउटच्या आधी आकडा लेखी मागा आणि हप्ते पाडून मिळतात का विचारा. परवडत नसेल तर कोच किंवा काउन्सेलरला एकांतात सांगा, बऱ्याच शाळांत यासाठी निधी असतो आणि नाव बाहेर जात नाही. जुने बूट आणि वॉर्म-अप वरच्या वर्गातल्या मुलींकडून मिळतात.

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत तर अभ्यासेतर उपक्रमात भाग घेण्यासाठी सक्तीची फी घेताच येत नाही. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. देणगी मागतील. ती न देणाऱ्या मुलाला बाहेर ठेवता येत नाही.

८. नवा क्लब काढायचा असेल

मराठी, भारतीय किंवा हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढावा असं मुलांना वाटतं आणि पालक उत्साहाने पुढे सरसावतात. जरा थांबा.

१९८४ च्या समान प्रवेशाच्या संघीय कायद्यानुसार सरकारी हायस्कूलमध्ये अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालत असेल, तर धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक विषयामुळे दुसऱ्या क्लबाला नाही म्हणता येत नाही. १९९० मध्ये नेब्रास्कातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. पण त्याच कायद्यात असंही आहे की क्लब विद्यार्थ्यांनीच सुरू केलेला हवा, आणि बाहेरच्या माणसांनी तो चालवायचा नाही की नियमित हजर राहायचं नाही. मंडळातल्या काका-काकूंनी दर आठवड्याला जाऊन शिकवायचं हे बसत नाही. क्लब धार्मिक असेल तर स्पॉन्सर शिक्षकही फक्त देखरेखीला बसतात, भाग घेत नाहीत.

क्रम असा: आधी स्पॉन्सर शोधा. तो मिळणं सगळ्यात अवघड, कारण शिक्षक हे बहुधा बिनपगारी करतात. मुलांनी स्वतः भेटून महिन्यातून किती वेळ लागेल ते स्पष्ट सांगावं. मग क्लबाची पानभर घटना, म्हणजे नियमावली, पदाधिकारी, सभासदांची यादी, आणि अर्ज. मुदत बहुधा सप्टेंबरात संपते. भिंतीवर पोस्टर लावायलाही ऑफिसचा शिक्का लागतो.

पैसे नेहमी शाळेच्या खात्यातून. मुलाच्या आईच्या खात्यात वर्गणी गोळा करणं हा क्लब बंद पडण्याचा हमखास मार्ग आहे.

खाण्याचंही सांगते. शाळेच्या दिवसात, म्हणजे मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत, विद्यार्थ्यांना विकायच्या पदार्थांना केंद्र सरकारचे पोषणाचे नियम लागू असतात. दिवाळीसाठी समोसे-चकली विकून निधी जमवायचा बेत दुपारच्या सुट्टीत बहुधा बसणार नाही. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासानंतर करा, तेही ऑफिसला विचारून. घरचे पदार्थ काही शाळा अजिबात चालू देत नाहीत. शेंगदाणे-काजूच्या अ‍ॅलर्जीमुळे घटकांची छापील यादी असलेली बंद पाकिटं सुरक्षित.

९. पालकांच्या वाट्याचं काम

बूस्टर क्लबात जा. सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर दोन तास उभं राहिलं की वर्षभर ईमेलमधून न कळणाऱ्या गोष्टी कळतात. एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या आई-बाबांनाही हे बिनपगारी काम करता येतं. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागितला आणि तो नसला तर ऑफिसला पासपोर्ट चालेल का विचारा.

शुक्रवारी सामन्यानंतर बस रात्री अकराच्या सुमारास शाळेत परतते. तुम्ही गाडी चालवत नसाल तर सप्टेंबरच्या आधी कारपूल ठरवा. सहलीच्या जेवणाच्या फॉर्मवर नुसतं शाकाहारी न लिहिता मांस, मासे, अंडी यांतलं काय चालत नाही ते लिहा, आणि बॅगेत दशम्या द्या, त्या टिकतात. औषध मात्र बॅगेत नको. साधी क्रोसिनसुद्धा नर्सकडे फॉर्म भरूनच द्यावी लागते. ऑगस्टच्या उन्हात बँडची मुलं गॅलनभर पाण्याचा जग घेऊन फिरतात, तो पहिल्या दिवशीच घ्या.

कॅनडाची सहल निघाली तर भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा लागतो. पैसे भरण्याआधी तारखा जुळतात का बघा.

१०. नोंद ठेवा, विशेषतः गाव बदलणार असाल तर

कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच प्रवेश अर्ज) १० उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाला १५० अक्षरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम आणि पुरस्कार मिळून २० नोंदी. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हेही विचारतात. बारावीत हे आठवत नाही. नववीपासून एका शीटमध्ये तारीख, काम, तास आणि सही देणाऱ्याचं नाव टाकत जा. मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलेले तास त्यातच लिहा, शाळेच्या संचालकांची सही घेऊन.

आपल्या नोकऱ्यांमुळे मध्येच राज्य बदलावं लागतं. निघण्याआधी कोच आणि स्पॉन्सरकडून एकेक पत्र घ्या: मूल किती वर्षं होतं, कोणत्या पातळीवर, काय जबाबदारी. टम्बलिंग किंवा नाचाचे व्हिडिओ स्वच्छ उजेडात काढून ठेवा. नव्या शाळेचा पत्ता नक्की झाला की लीजवर सही होण्याआधीच मुलीला तिथल्या कोचला लिहायला सांगा, कारण नव्या ठिकाणी ट्रायआउट आपल्या आधीच्या शाळेपेक्षा महिनाभर लवकर असू शकते.